चुन्याच्या आत काका नाही

"जवाईबापूले बॉल नाही द्यावा, तं का रस्त्यानं जाणाऱ्याले द्यावा?"

ओट्यावर बसून घाम पुसता पुसता बाल्या हे म्हणाला. तसा हळूच म्हणाला, पण ओटा आमच्या सज्ज्याच्या बरोबर खाली आणि सज्ज्यात मी. मिशनच्या शाळेतून मॅट्रिक होऊन मी घरी बसले होते. कॉलेजला पाठवायचं की नाही, हे घरात अजून ठरत होतं. इंग्रजीत मला पानंच्या पानं लिहिता यायची, पण चार माणसांसमोर कुठल्याही भाषेत बोलायची वेळ आली की मी आत पळायची. म्हणून माझ्या संध्याकाळी सज्ज्यात जायच्या. सज्ज्यासमोर मैदान होतं आणि त्या मैदानावर आमचा तलाव क्लब कोणाकडूनही हरायचा.

तलाव क्लब म्हणजे नागपुरातल्या शुक्रवारी नावाच्या तलावाकडच्या आमच्या मोहल्ल्याची फुटबॉलची टीम, आणि मोहल्ला म्हणजे निम्मी आमचीच भावकी. माझे बाबा कचेरीत हेडक्लार्क, ते क्लबचे सेक्रेटरी. त्यांचे धाकटे भाऊ नानाकाका कॅप्टन; पोट सुटलेलं, पण बॅकला उभे राहिले की भिंत. बाल्या माझा चुलतभाऊ, डाव्या बाजूला पळायचा, साऱ्या नागपुरात त्याच्याइतकं कोणी पळत नसेल. आणि मधोमध, सेंटर फॉरवर्डला, भास्करराव. ते नानाकाकांचे जावई, माझ्या चुलतबहिणीचे, सुमतीचे यजमान. घर कळमेश्वरचं, संत्र्यांच्या बागा होत्या, पण वकिलीच्या परीक्षेसाठी त्या वर्षी सासरी येऊन राहिले होते. उंच, देखणे, आणि पळायचा मनस्वी कंटाळा.

त्या संध्याकाळी रेल्वेच्या टीमशी सामना होता. बाल्या सगळ्यांना चुकवून गोलसमोर पोचला. समोर कोणी नव्हतं, गोलकीसुद्धा घसरून पडला होता. बाल्यानं नुसता पाय लावायचा होता. पण तो थांबला. मागे वळून पाहिलं. भास्करराव धोतराचा काचा सावरत सावकाश येत होते. ते येईपर्यंत बाल्या बॉलवर पाय ठेवून उभा राहिला आणि मग अदबीनं म्हणाला, "घ्या, जवाईबापू."

तोवर गोलकी उठला होता. त्यानं बॉल उचलला आणि कपाळाला लावून बाल्याला नमस्कार केला. सगळं मैदान हसलं.

बाल्याच्या त्या ओट्यावरच्या वाक्यावर मात्र एकच माणूस हसला, आणि असा हसला की लिंबावरचे कावळे उडाले. लिंबाखाली लाल कोट घातलेला एक गृहस्थ उभा होता. कोटाला पितळी बटणं, खांद्यावर सोनेरी झालरी, मिशा मेण लावून वर वळवलेल्या, हातात चांदीच्या मुठीची काठी. हे गुलाबराव बँडमास्तर. गणपतीच्या मिरवणुकीचं बोलणं करायला बाबांकडे आले होते.

"भाऊसाहेब," ते बाबांना म्हणाले, "माही उमर वराती वाजवण्यात गेली. हे टीम नाही जी, हे वरात आहे. मधात नवरदेव, अन् बाकी सारे त्याच्याभोवती नाचून राहिले."

बाबा आधीच हरल्यानं चिडलेले. म्हणाले, "एवढं कळतं तर तुम्हीच चालवा टीम."

हे बोलणं रागाचं होतं, हे सज्ज्यातून मलासुद्धा कळलं. मास्तरांना कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तोच लाल कोट घालून ते मैदानावर हजर झाले आणि क्लॅरिनेट वाजवून त्यांनी सगळा मोहल्ला उठवला. बाबा पांघरुणातून बाहेर आले, तर समोर आख्खी टीम डोळे चोळत उभी. दिलेला शब्द मागे घ्यायची सोय राहिली नाही. "एक सीझन," बाबा म्हणाले. "एक सीझन पाहू. जमलं नाही तर मात्र..."

"जमते," मास्तर म्हणाले.

मास्तर नम्र होते असं कोणी म्हणणार नाही. आरसा दिसला की ते थांबत. मिशांना दिवसातून कितीदा हात जायचा त्याची मोजदाद नव्हती. आपल्या बँडसारखा बँड जबलपूरपासून अमरावतीपर्यंत नाही, हे ते नव्या माणसाला नाव सांगण्याच्या आधी सांगत. आणि फुटबॉल त्यांना येत नव्हता. एकदा पोरांना दाखवायला म्हणून त्यांनी बॉल मारला, तर बॉल जागेवर राहिला आणि जोडा आमच्या अंगणात आला. मी तो उचलून ओट्यावर ठेवला. मास्तरांनी तो शांतपणे पायात घातला आणि पोरांना म्हणाले, "असं नाही माराचं. समजलं?"

त्यांच्यासारखी शिकवण्याची रीत मी आजवर कोणाची पाहिलेली नाही. ते मैदानाकडे पाठ करून उभे राहायचे, डोळे मिटून, काठीवर दोन्ही हात ठेवून. पोरं अनवाणी खेळायची. सुक्या मातीवर पावलांचा आवाज होतो तो मास्तर ऐकायचे. आणि मधेच ओरडायचे, "उजवीकडचा उभा काहून राहिला बे?" उजवीकडचा खरंच उभा असायचा. पोरांना वाटायचं मास्तरांना पाठीला डोळे आहेत. ते म्हणायचे, "वरातीत मी समोर चालतो अन् वाजवणारे मागे. कोण थांबला हे मी वळून पाहत बसू का?"

पहिला आठवडा ते असं नुसतं ऐकत राहिले. मग एके सकाळी बादलीभर चुना आणला, मैदानाच्या चारी बाजूंनी स्वतः रेषा ओढली, सगळ्यांना रेषेबाहेर उभं केलं आणि म्हणाले, "ह्या चुन्याच्या आत कोणी कोणाचा काका नाही. मामा नाही. जवाई नाही. आत बॅक आहे, सेंटर आहे, लेफ्ट आहे. नातं बाहेर ठेवाचं, चपलेवाणी. परत जाताना घालून जाजा."

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांनी बाल्याला आणि नानाकाकांना रेषेच्या आत समोरासमोर उभं केलं.

"यायले 'ए बॅक' म्हण."

"कोणाले?"

"ह्या समोरच्याले."

"ते काकाजी आहेत."

"कुठी आहेत काकाजी? मले तं दिसत नाही."

बाल्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ज्या काकांसमोर तो कधी पाटावर आधी बसला नाही, त्यांना 'ए' म्हणायचं. तो रेषेबाहेर गेला, नानाकाकांना बाहेर बोलावलं, वाकून त्यांच्या पायांना हात लावला, परत आत आला, डोळे घट्ट मिटले आणि ओरडला, "ए बॅक! बॉल दे!"

नानाकाकांचा हात चापट मारायला वर गेला होता. तो तसाच वर राहिला. मग त्यांनी बॉल दिला.

घरात त्या दिवशी चूल उशिरा पेटली. काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या, "ऐकलं का वं? त्या पोट्ट्यानं यायले ए म्हटलं! उद्या बापाले म्हणन!" बाबांनी मास्तरांना बोलावलं, पण ते येईपर्यंत नानाकाका स्वतःच म्हणाले, "राहू दे दादा. आज पहिल्यांदा पोरगा मले वेळेवर ओरडला. नाहीतर 'काकाजी, जरा' म्हणेपर्यंत गोल होऊन जाते."

ऑफसाइडचा नियम मात्र मास्तरांना पटत नव्हता. माणूस पुढे गेला यात गुन्हा काय, असं ते सगळ्यांना विचारायचे. नियमांचं पुस्तक बाबांकडे होतं, इंग्रजीत. बाबा कचेरीत गेल्यावर एक दिवस मास्तर ओट्यावर आले आणि दाराकडे तोंड करून, पण माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ताई, तुम्ही मडमेच्या शाळेत शिकल्या म्हणते. भाऊसाहेबांच्या त्या पुस्तकात काय लिहिलं ते सांगाल का?"

मी दाराआडून वाचलं. मराठीत सांगायचा प्रयत्न केला, तर शब्दच सुचेनात. शेवटी मी आतून वाट्या आणल्या आणि काही न बोलता उंबऱ्याजवळ मांडल्या. ही गोलकीची, ही बॅकची, ही आपली. आपली वाटी पुढे सरकवली आणि मान हलवली: नाही. मागे घेतली: चालेल. मास्तरांनी बराच वेळ वाट्यांकडे पाहिलं. मग मांडीवर थाप मारली.

"म्हणजे आधी जाऊन बसाचं नाही, बॉलसंगं जाचं! हे तं तालाचं आहे. साऱ्या पोट्ट्यांले इतके दिवस कोणी सांगितलं काहून नाही?"

त्यानंतर ते नेमानं यायचे. गोलकीचा नियम, फ्री किक, थ्रो-इन. मी वाट्या मांडायची. तो सगळा वेळ मी दहा शब्द बोलले नसेन, आणि तसं न बोलता बसणं त्यांनी इतकं सहज चालवून घेतलं, की त्यांच्यासमोर मला अवघडल्यासारखं झालं नाही. घरात असा एकही माणूस नव्हता.

टीम जिंकू लागली होती, पण निसटती. कारण नातं बाहेर ठेवायला सगळे शिकले, एक भास्करराव सोडून. त्यांना कोणी 'ए सेंटर' म्हटलं की ते जागीच उभे राहून म्हणणाऱ्याकडे पाहत. मग मास्तरांनी ते केलं, जे नागपुरात कोणत्याही घरानं केलं नसतं. सामन्याच्या आधी सगळ्यांसमोर ते म्हणाले, "जवाईबापू, आज तुम्ही बाहेर बसा."

भास्करराव बाहेर बसले नाहीत. ते घरी आले, ट्रंक भरली, सुमतीला म्हणाले "चल", आणि संध्याकाळच्या गाडीनं कळमेश्वरला गेले. सुमती जाताना एवढंच म्हणाली, "फुटबॉलपायी माहेर तुटलं वं माझं." इकडे टीमनं तो सामना चार गोलांनी जिंकला आणि घरात कोणी जेवलं नाही.

बाबा मास्तरांना म्हणाले, "तुम्ही आमच्या जावयाला उठवलंत. उद्या माझ्याबरोबर कळमेश्वरला चला, पाय धरा, आणि परत आल्यावर मैदानाकडे फिरकू नका."

"पाय धरतो," मास्तर म्हणाले. "फिरकाचं मग पाहू."

सुमतीची समजूत काढायला म्हणून मलाही नेलं. गाडीत मास्तर लाल कोट घालून खिडकीशी बसले, आणि दर स्टेशनावर लोक त्यांना पाहायला येत, त्यांनाही ते आवडे.

आम्ही पोचलो तेव्हा बागेत तोडणी चालली होती. माणसं शिड्यांवर चढून संत्रं देठाशी कापत आणि खाली सोडून देत. संत्रं जमिनीवर पडलं तर डागतं, आणि एक डागलेलं फळ अख्खी पेटी घालवतं. म्हणून झाडाखाली झेलणारा लागतो. त्या दिवशी झेलायला खुद्द भास्करराव उभे होते. लहानपणापासूनची सवय, आणि राग आला की माणूस काहीतरी हातांनी करतोच. आम्हाला पाहिलं आणि त्यांनी पाठ फिरवली.

बाबांनी बोलायला सुरुवात केली. भास्करराव पाठमोरे, "हो", "नाही" एवढंच उत्तर, आणि हात मात्र चालू. वरून फळ सुटायचं, ते न पाहता हात पुढे करायचे, फळ हातात. डावीकडून, उजवीकडून. वरच्या दोन गड्यांनी एकाच वेळी सोडलं, तर एक या हातात आणि एक त्या हातात, आणि तोंडानं बाबांना सांगताहेत, "माझा अपमान झाला, मामंजी, त्याचं काय?"

मी मास्तरांकडे पाहिलं. पाय धरायला पुढे झालेले मास्तर अर्ध्यात थांबले होते. त्यांचं तोंड उघडं होतं. मग त्यांनी खाली पडलेलं एक कच्चं संत्रं उचललं आणि भास्कररावांच्या डोक्याच्या रोखानं सणकून फेकलं.

बाबा ओरडले. भास्कररावांनी वळता वळता ते झेललं. मग संतापून मास्तरांकडे आले.

"जवाईबापू," मास्तर हात जोडून म्हणाले, "गोल सांभाळा."

"गोलकी? उरल्यासुरल्याचं काम?"

"कोण म्हणते? आपल्या टीमीत इतके पोट्टे. बॉलले हात लावाची हिंमत आहे कोणाची? लावला की शिट्टी. तुमच्या सासऱ्यालेबी हक्क नाही. तो मान फक्त एकाले. मले सांगा, तो मान मी दुसऱ्याले कसा देऊ?"

 हातातलं संत्रं भास्कररावांनी दोनदा वर उडवून झेललं. सुमती दारात उभी होती, तिनं पदर तोंडावर धरला होता. ती रडते आहे असं मला आधी वाटलं.

"आणि टोपी?" भास्कररावांनी विचारलं. "गोलकीला टोपी घालता येते का?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली: येते.

"दोन घाला," मास्तर म्हणाले.

मैदानाकडे न फिरकण्याचं बोलणं बाबांनी परत काढलं नाही, आणि त्यानंतर जे झालं ते नागपूरनं पाहिलं आहे. तलाव क्लबच्या गोलात बॉल जाणं थांबलं. भास्करराव जरीची टोपी घालून गोलात उभे राहत, आणि बॉल असा उचलत जणू तो त्यांनाच द्यायला आणला होता. तिथून ते तो हातानं लांब फेकत, बाल्या पळत सुटे, आणि समोरच्यांना कळायच्या आत गोल. सामन्याला आधी आमच्या मोहल्ल्यातली म्हातारी माणसं येत. आता इतवारीतून, सीताबर्डीतून, मोमीनपुऱ्यातून लोक येऊ लागले. टांगेवाले मैदानाच्या कडेला टांगे उभे करून टपावर चढत. बायका आमच्या सज्ज्यात मावेनात म्हणून शेजारच्या गच्च्या भरल्या.

आणि हे सगळे बाल्याला पाहायला येत तेवढेच मास्तरांना पाहायला येत. ते मैदानाकडे पाठ करून उभे राहिले की लोक एकमेकांना गप्प करत: "चूप ना बे, मास्तर ऐकून राहिले." मोहल्ल्यातल्या न्हाव्याकडे तरण्या पोरांनी मिशांना मेण मागायला सुरुवात केली. मास्तर रस्त्यानं निघाले की दुकानदार गादीवरून उठत. पानवाल्यानं त्यांच्यासाठी वेगळं पान काढलं आणि लोक तेच पान मागू लागले. लग्नाला त्यांचा बँड आता बँडसाठी कोणी सांगत नसे. एकदा महाल भागात भर रस्त्यात वरात अडली. नवरदेव घोड्यावर ताटकळला, कारण वधूपित्यानं ऑफसाइड म्हणजे काय हे विचारलं होतं, आणि मास्तरांनी ताशेवाल्याला गोलकी करून, वऱ्हाड्यांना रस्त्यात उभं करून ते त्याला समजावलं. वरात पुढे निघाली तेव्हा नवरदेवसुद्धा घोड्यावरून हात करून वाद घालत होता.

मी हे सज्ज्यातून पाहत होते. कधी कधी मला वाटायचं, ओरडावं. टाळ्या मात्र वाजवायची, पदराखाली.

जिंकत जिंकत तलाव क्लब गावातल्या मोठ्या कपाच्या फायनलला पोचला; समोर कामठीच्या पलटणीची गोऱ्यांची टीम होती. पायात बूट, अंगात एकसारखे सदरे. आमच्या टीमपैकी कुणीही आजवर तो कप हातात घेतला नव्हता. नागपूरभर त्याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं.

फायनलच्या आधी बाबांचे मित्र वकीलसाहेब घरी आले. ते क्लबचे प्रेसिडेंट होते, पण मैदानावर मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी आतल्या खोलीत होते. वकीलसाहेब म्हणाले, "कमिशनरसाहेब मडमबाईंना घेऊन येणार. मॅनेजरची खुर्ची त्यांच्या शेजारी. तिथं तुम्ही बँडवाला बसवणार? वाजंत्री?"

बाबा म्हणाले, "टीम त्यांनी चालवली, साहेब."

"चालवली ना. आता मोठ्या लोकांत बसायचंय. इंग्रजी पाहिजे, चारचौघांत शोभणारा माणूस पाहिजे. उद्या खुर्चीवर मी बसतो. आणि पुढच्या सीझनला माझा भाचा, पुण्याला शिकलेला आहे. हरोत की जिंकोत. तुमचं बोलणं एका सीझनचंच होतं की."

 बाबा "बरं" म्हणाले. बाबा वाईट नव्हते. कचेरीत ज्याला वरचे लोक रोज भेटतात, त्याला असं "बरं" म्हणायची सवय लागते. मास्तरांना फक्त एवढंच कळवलं, की उद्या तुम्ही टीमबरोबर रेषेशी उभे राहा. मास्तरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते नेहमी तिथेच उभे राहत. त्यांनी कोटाची बटणं चिंचेनं घासून ठेवली होती.

मोठं मैदान भरून वाहत होतं. आम्हा बायकांना शामियान्याच्या कडेला, बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बसवलं. पडद्यापलीकडे कमिशनरसाहेब, मडमबाई, आणि रेशमी फेट्यात वकीलसाहेब.

पहिल्या भागात आमची टीम ओळखूच येईना. बाल्या समोरचा उंच सार्जंट आला की आपोआप बाजूला होई. नानाकाका मागे सरत. कोणी कोणाला हाक मारेना. गोऱ्यांनी एक गोल केला, आणि तो भास्कररावांच्या हाताला लागून गेला. 

मध्यंतरात टीम आमच्या चिकासमोरच बसली होती. मास्तर त्यांच्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "रस्त्यानं गोरा आला की बाजूले होता, तसे इथंबी होऊन राहिले तुम्ही."

मास्तरांनी काठी चुन्याच्या रेषेवर आपटली.

"चुना कोणं ओढला हा?"

"तुम्ही," बाल्या म्हणाला.

"ह्याच्या आत काका नाही म्हणून मी सांगितलं. तं साहेब कुठून आला गा? आँ? ज्यानं आपल्या काकाले ए म्हटलं, तो त्या लाल तोंडाच्याले भ्यून राहिला?"

नानाकाका आधी हसले. मग सगळे हसू लागले, आणि हसतच आत गेले.

त्यापुढचं मला क्रमानं आठवत नाही. सार्जंट नेहमीसारखा मधून आला, बाल्या बाजूला झाला नाही, खांद्याला खांदा लागला आणि सार्जंट खाली बसला. बाल्या त्याच्यावर वाकून ओरडला, "ए सेंटर! ऊठ!" गर्दीला ते ऐकू आलं आणि मैदान असं उसळलं की शामियान्याचे दोर हलले. मग नानाकाका, पोटासकट, कधी नव्हे ते अर्ध्या मैदानापलीकडे गेले आणि त्यांनी डोक्यानं गोल केला. बरोबरी. आणि अगदी शेवटी भास्कररावांनी एक फटका असा झेलला, की ते आडवे पडले, टोपी एकीकडे, स्वतः एकीकडे, बॉल छातीशी. पडल्या पडल्या त्यांनी तो फेकला. बाल्या एकटा निघाला. गोलसमोर पोचला. तिथं कोणी नव्हतं. साऱ्या मैदानानं श्वास धरला, कारण बाल्यानं मागे वळून पाहिलं.

पाहिलं, आणि मारला.

त्यानंतर किती वेळ नुसता आवाज होता. फेटे, टोप्या, पागोटी आकाशात. टांगेवाल्यांनी घंटा वाजवल्या. गच्च झालेल्या गर्दीतून एकच शब्द यायला लागला, आधी तुटक, मग एका ठेक्यात: "मास्तर! मास्तर! मास्तर!" माझ्या शेजारी काकू रडत होत्या आणि त्याच शब्दाच्या तालावर टाळ्या पिटत होत्या.

मडमबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांनी इंग्रजीत विचारलं, की ही अनवाणी पोरं इतकं सुंदर खेळायला शिकली कोणाकडून? हा माणूस मला पाहायचा आहे. वकीलसाहेबांनी उपरणं सारखं केलं, एक पाऊल पुढे आले आणि म्हणाले, की ही सारी आमच्या कमिटीची मेहनत आहे. त्यांचं इंग्रजी चांगलं होतं. बाबा खाली पाहत होते. कमिशनरसाहेबांनी कप उचलला होता आणि तो वकीलसाहेबांच्या हातात द्यायला ते वळले.

चिकाच्या फटीतून मला मास्तर दिसत होते. ते गर्दीकडे आलेच नव्हते. पलीकडे, चुन्याच्या रेषेवर, ते मांडी घालून खाली बसले होते. बाल्याचा पाय त्यांच्या मांडीवर होता, बुटाखाली सापडून अंगठ्याचं नख निघालं होतं. मास्तरांनी लाल कोट काढून त्याच्या पायाखाली घडी करून ठेवला होता, आणि गळ्यातला रेशमी रुमाल फाडून ते पट्टी बांधत होते. सगळं नागपूर त्यांचं नाव घेत होतं आणि ते बाल्याला रागावत होते. ओठांवरून कळत होतं. बिनकोटाचं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. किती लहान दिसत होते. मिशा मात्र तशाच वर.

मी चिक बाजूला केला. काकूंनी पदर धरला, तो सुटला. मडमबाईंपुढे जाऊन मी इंग्रजीत म्हणाले, की यांनी नाही. ते तिकडे जमिनीवर बसले आहेत, त्यांनी. आवाज फुटला नाही. मडमबाई कानाशी हात नेऊन वाकल्या. सगळे माझ्याकडे पाहू लागले. "कमू," बाबा दबल्या आवाजात म्हणाले, "आत जा."

मी बाबांकडे वळले, आणि या खेपेला मराठीत, मागच्या टांग्यांपर्यंत ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले, "ही टीम गुलाबराव मास्तरांनी उभी केली, बाबा. कप त्यांच्या हातात द्या. आणि पुढच्या वर्षीही मॅनेजर तेच!"